सपाट जमिनीचा आग्रह कशासाठी?

बंगळुरूच्या गेम स्टुडिओंमध्ये एक मत सध्या इतक्या खात्रीनं मांडलं जातं की त्याला कुणी आडवं जात नाही. टेसलेशन संपलं, डिस्प्लेसमेंट फोनला झेपत नाही, बारकावे दाखवायचे तर नॉर्मल मॅप आहे, आणि मोठ्या प्रकल्पांत अनरियल इंजिनातलं नॅनाइट आहेच. तेव्हा शेडरमधून भूमिती हलवण्याच्या भानगडीत आर्टिस्टनं पडू नये. नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं, प्रशिक्षण वर्गांत तेच शिकवलं जातं आणि प्रकल्पाच्या तांत्रिक नियमावलीत त्याची एक ओळ होऊन बसते. याच शहरात मी टेक्निकल आर्टिस्ट म्हणून काम करते आणि या ओळीशी माझं भांडण आहे. तिच्यात काही भाग खरा आहे आणि तो मी मान्य करते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी आपल्या हातून होणारं काम गरीब होत चाललं आहे.

पहिली गल्लत आहे दोन वेगळ्या गोष्टी एकच समजण्याची. गेममधली बहुतेक प्रत्येक वस्तू त्रिकोणांच्या जाळीची, म्हणजे मेशची, बनलेली असते. त्रिकोणाचा कोपरा म्हणजे व्हर्टेक्स. दर फ्रेमला या कोपऱ्यांवर व्हर्टेक्स शेडर नावाचा छोटा प्रोग्राम जीपीयूवर चालतो आणि कोपरा पडद्यावर कुठे पडेल ते ठरवतो. तिथेच हाइटमॅपमधून, म्हणजे उंची साठवलेल्या चित्रातून, उंची वाचून कोपरा सरकवला की झालं व्हर्टेक्स डिस्प्लेसमेंट. यात एकही नवा त्रिकोण तयार होत नाही. टेसलेशनचं काम निराळं. तिथे एका मोठ्या त्रिकोणाचे किंवा चौकोनाचे जीपीयूवरच तुकडे पाडले जातात. किती तुकडे हे हल शेडर ठरवतो, कापण्याचं काम चिपमधला त्यासाठीच असलेला भाग करतो, आणि कापून निघालेले नवे बिंदू कुठे बसवायचे ते डोमेन शेडर सांगतो. पीसीवर हे टप्पे डायरेक्टएक्स ११ बरोबर २००९ मध्ये आले आणि ओपनजीएल ४.० मध्ये २०१० साली.

आता ‘फोनला झेपत नाही’ हे वाक्य यांपैकी कशाला लागू आहे? व्हर्टेक्स शेडर तर प्रत्येक फोनवर चालतोच, तुम्ही कोपरा हलवा किंवा हलवू नका. जादा खर्च आहे तो उंची वाचण्याचा. फोनसाठीच्या ओपनजीएल ईएस २.० च्या काळात व्हर्टेक्स शेडरला टेक्स्चर वाचता येईलच अशी हमी नव्हती; त्या नियमावलीत किमान संख्या शून्य होती आणि बऱ्याच फोनवर ती खरोखरच शून्य असायची. त्या काळी भीती रास्त होती. २०१२ मध्ये ईएस ३.० आलं आणि किमान १६ टेक्स्चरची हमी मिळाली. म्हणजे आपल्या नियमावलीतली ती ओळ एका दशकाहून जुन्या अडचणीवर उभी आहे. वाऱ्यावर डोलणारं गवत, फडकणारा झेंडा, तळ्यावरच्या लाटा, बर्फात उमटणाऱ्या पाऊलखुणा हे सगळं बहुतांशी व्हर्टेक्स डिस्प्लेसमेंटच असतं. गोडो इंजिनात टेसलेशनचा टप्पाच नाही, तरी त्याच्या अधिकृत शिकवणीत त्रिमितीतला पहिला शेडर म्हणून सपाट पत्र्यासारख्या मेशमधून डोंगर उभे करायला शिकवतात. ज्या इंजिनात टेसलेशन नाही तिथे डिस्प्लेसमेंटनंच शिकायला सुरुवात होते, आणि आपण मात्र दोघांना एकाच बंदीत कोंबतो.

बंदीमुळे प्रत्यक्षात काय होतं ते आकड्यांत पाहू. हरिश्चंद्रगडाभोवतीचा ४ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद परिसर गेममध्ये हवा आहे असं धरा, दर मीटरला एक बिंदू. बिंदू झाले १ कोटी ६० लाख आणि त्रिकोण त्याच्या दुप्पट. प्रत्येक बिंदूची जागा, नॉर्मल (पृष्ठभागाचा रोख) आणि यूव्ही (टेक्स्चरवरची जागा) मिळून ३२ बाइट धरले तर नुसती ही मेशच अर्ध्या जीबीच्या घरात जाते. तीच माहिती १६ बिटांच्या हाइटमॅपमध्ये ठेवली तर साधारण ३२ एमबीत मावते. त्या हाइटमॅपवर एक छोटी सपाट जाळी कॅमेऱ्याभोवती कड्यांसारखी मांडायची, जवळ दाट आणि लांब विरळ, आणि तिचे कोपरे व्हर्टेक्स शेडरमध्ये उचलायचे. लोसासो आणि होप यांनी हे तंत्र २००४ मध्ये मांडलं. अरुल असिरवतम आणि होप यांनी २००५ मध्ये ते जवळजवळ पूर्णपणे जीपीयूवर नेलं. मेमरी तोकडी असलेल्या फोनवर मोठा भूभाग दाखवण्याचा हाच काटकसरीचा रस्ता आहे. काटकसरीच्या नावाखाली नेमका तोच आपण बंद केला आहे.

हाइटमॅप १६ बिटांचाच हवा, यावर मी अडून बसते त्यालाही कारण आहे. ८ बिटांत उंचीच्या फक्त २५६ पातळ्या मिळतात. समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या १,६४६ मीटरपर्यंतची उंची त्यात बसवली तर दोन पातळ्यांमध्ये सुमारे साडेसहा मीटरचं अंतर पडतं आणि डोंगराला जिने फुटतात. १६ बिटांत हेच अंतर अडीच सेंटिमीटरवर येतं. ‘डिस्प्लेसमेंट करून पाहिलं, घाणेरडं दिसलं’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आपली फाइल आधी उघडून पाहावी. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथेच सापडतो.

नॉर्मल मॅपच्या बाजूनं जे बोललं जातं त्याकडे वळते. जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये बंप मॅपिंग मांडलं तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे: पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, फक्त प्रकाशाला तो खडबडीत आहे असं भासवायचं. भिंतीचा गिलावा, चामड्याच्या सुरकुत्या, विटेवरचे ओरखडे यांना ती पुरते आणि मीही तिथे तीच वापरते. पण वस्तूची कड बदलत नाही. दगडी पायरी समोरून खडबडीत दिसते आणि बाजूनं पाहिली की कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ. ओढ्याचं पाणी दगडांना भिडतं तिथे पाण्याची रेघ सरळ राहते. पडणारी सावलीही सरळ. पुष्कळ मोबाइल गेममध्ये कॅमेरा खेळाडूच्या पाठीशी, जमिनीच्या जवळ असतो, म्हणजे जमीन आपण बहुतेक वेळ तिरक्या कोनातूनच पाहतो. नॉर्मल मॅप सर्वांत दुबळा पडतो तो याच कोनात.

यावर उत्तर येतं की मग पॅरलॅक्स ऑक्लूजन वापरा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून हाइटमॅपवर किरण चालवून खोलीचा भास आणा. याचाही हिशेब व्हायला हवा. १०८० बाय २४०० च्या पडद्यावर सुमारे २६ लाख पिक्सेल असतात. अर्धा पडदा जमिनीनं व्यापला आणि प्रत्येक पिक्सेलसाठी किरण १६ पावलं चालवला तर दर फ्रेमला २ कोटींहून अधिक वेळा टेक्स्चर वाचावं लागतं. त्याच जमिनीला १ लाख व्हर्टेक्स दिले आणि प्रत्येकासाठी नॉर्मल काढण्यासकट पाच वेळा उंची वाचली तर वाचनं होतात ५ लाख. वाचनांच्या संख्येवर सगळा खर्च ठरत नाही हे मला माहीत आहे. कॅशचा आणि त्रिकोणांचा स्वतःचा हिशेब वेगळा असतो. पण ४० पटींचा फरक समोर असताना न मोजताच महाग पर्यायाला स्वस्त म्हणणं हे अभियांत्रिकीत बसत नाही. आणि एवढा खर्च करूनही साध्या पॅरलॅक्समध्ये कड सपाटची सपाटच राहते.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते. फोनवर टेसलेशन महाग पडतं. माली, अ‍ॅड्रिनो, पॉवरव्हीआर हे जीपीयू पडद्याचे लहान चौकोन पाडून काम करतात. आधी सगळे त्रिकोण तपासायचे, कुठला त्रिकोण कुठल्या चौकोनात येतो याची यादी मेमरीत लिहायची, मग एकेक चौकोन रंगवायचा. त्रिकोण वाढले की ही यादी वाढते, मेमरीची ये-जा वाढते, फोन तापतो, बॅटरी उतरते. मालीची रचना करणाऱ्या आर्मचं स्वतःचं मार्गदर्शनही सांगतं की इतर मार्ग पडताळून झाल्याशिवाय टेसलेशनकडे जाऊ नका. मला हे पूर्ण मान्य आहे. पण ते मार्गदर्शन टेसलेशनबद्दल आहे, कोपरे हलवण्याबद्दल नाही. आणि ‘इतर मार्ग पडताळून झाल्यावर’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होत नाही.

पीसी आणि कन्सोलवर टेसलेशनची बदनामी झाली ती प्रामुख्यानं ‘क्रायसिस २’ पासून. २०११ च्या डायरेक्टएक्स ११ पॅचमध्ये रस्त्यावरच्या काँक्रीटच्या अडथळ्यांचे सपाट पृष्ठभागसुद्धा हजारो त्रिकोणांत चिरले होते, आणि त्यानं दिसण्यात काहीच फरक पडत नव्हता. हे उदाहरण आजही तंत्राविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केलं जातं. खरं तर तो पुरावा आहे तुकड्यांचा आकडा अंतराशी, पडद्यावरच्या आकाराशी आणि पृष्ठभागाच्या चढउताराशी न जोडल्याचा. एका चौकोनी पॅचला, म्हणजे तुकडे पाडायच्या मूळ चौकोनाला, दोन्ही दिशांनी ६४ हा सर्वांत मोठा आकडा दिला तर ८,१९२ त्रिकोण निघतात. तो पॅच पडद्यावर अंगठ्याएवढा दिसत असेल तर ही शुद्ध नासाडी आहे, कारण जीपीयू पिक्सेल दोन बाय दोनच्या गटानं रंगवतो. त्रिकोण एका पिक्सेलएवढा झाला तरी चारांचं काम होतं आणि तीन वाया जातात. म्हणून कडेची पडद्यावरची लांबी मोजून, ती आठ-दहा पिक्सेलच्या खाली जाणार नाही असा आकडा हल शेडरमध्ये काढायचा असतो. हे सूत्र दोन-चार ओळींचं आहे आणि आपल्या वर्गांत शिकवायलाच हवं.

सूत्राबरोबर त्याची पथ्यंही. दोन शेजारच्या पॅचना सामाईक कडेवर सारखाच आकडा मिळाला पाहिजे, म्हणून तो फक्त त्या कडेच्या दोन टोकांवरून काढायचा. गोधडीतल्या दोन ठिगळांचे टाके कडेला जुळले नाहीत तर जशी फट पडते तशीच इथेही पडते, आणि त्या फटीतून मागचं आकाश चमकतं. सावलीच्या पासमध्ये, म्हणजे सावली काढण्याच्या वेगळ्या फेरीत, तेच डिस्प्लेसमेंट लावलं नाही तर सावली वस्तूला सोडून पडते. वस्तूची सीमापेटी, म्हणजे तिला वेढणारी अदृश्य पेटी, वाढवली नाही तर डोंगर पडद्याच्या कडेला येताच अचानक नाहीसा होतो, कारण इंजिन अजून सपाट मेशच मोजत असतं. आणि टक्कर तपासणारा भाग सीपीयूवर असतो, त्याला शेडरनं काय हलवलं याचा पत्ताच नसतो. त्याला हाइटमॅपची वेगळी प्रत दिली नाही तर पात्राचे पाय जमिनीत रुततात. बंदीच्या समर्थनार्थ हे सगळे दोष दाखवले जातात. मी ते पाहिले आहेत, दुरुस्तही केले आहेत. प्रत्येकाचं कारण माहीत आहे आणि प्रत्येकावर ठरलेला उपाय आहे. माहीत असलेल्या दोषांसाठी अख्खं तंत्र टाकून द्यायचं असतं तर सावल्यासुद्धा आपण कधीच सोडून दिल्या असत्या.

नॅनाइटचा युक्तिवाद सर्वांत आत्मविश्वासानं केला जातो आणि तारखा पाहिल्या तर तोच सर्वांत लवकर कोसळतो. नॅनाइट म्हणजे लाखो त्रिकोणांच्या मेशचा तपशील अंतराप्रमाणे आपोआप कमीजास्त करणारी सोय. एप्रिल २०२२ मध्ये एपिक कंपनीचं अनरियल ५ इंजिन ती घेऊन आलं तेव्हा त्यातून जुनं हार्डवेअर टेसलेशन काढून टाकलेलं होतं. ‘बघा, एपिकनंच ते पुरलं,’ असं तेव्हा सांगितलं गेलं. पण त्या नॅनाइटला शेडरमधून कोपरे हलवता येत नव्हते. झाड उभं राही, पानं डोलत नसत. नोव्हेंबर २०२२ च्या ५.१ मध्ये ही सोय आणावी लागली. एप्रिल २०२४ च्या ५.४ मध्ये नॅनाइट टेसलेशन आलं, प्रायोगिक म्हणून का होईना: डिस्प्लेसमेंट मॅप द्या, इंजिन चालू असताना तुकडे पाडेल आणि हलवेल. काढून टाकलेली गोष्ट त्याच इंजिनानं दोन वर्षांत नव्या रूपात परत आणली, कारण प्रत्येक खडक लाखो त्रिकोणांसकट डिस्कवर साठवणं परवडत नाही आणि खडकाचं एकच टेक्स्चर दहा ठिकाणी हलवून वापरणं परवडतं. शिवाय आपल्याकडच्या बहुसंख्य खेळाडूंच्या हातात साधा अँड्रॉइड फोन आहे, आणि तिथे नॅनाइट नाही. ज्या तंत्राचा आपल्या गिऱ्हाइकाला उपयोगच नाही त्याच्या भरवशावर, उपयोग असलेलं तंत्र सोडून देण्याचा हा सल्ला आहे.

एका मुद्द्याचं वजन मला मान्य आहे, तो रे ट्रेसिंगचा. किरण ज्या त्रिकोणांना धडकतो ते आधीच एका रचनेत नोंदलेले असावे लागतात. डोमेन शेडरनं ऐनवेळी हलवलेले बिंदू त्या रचनेला दिसत नाहीत, आणि प्रतिबिंबात सपाट जमीन उमटते. हार्डवेअर टेसलेशन मागे पडण्यात याचा मोठा वाटा आहे. म्हणून एनव्हिडियानं २०२२ मध्ये डिस्प्लेस्ड मायक्रो-मेश आणली, म्हणून मेश शेडर आणि कंप्यूट शेडरनं तुकडे पाडण्याकडे कल गेला. यातून दिसतं ते इतकंच, की तुकडे कुठल्या टप्प्यावर पाडायचे ही जागा बदलते आहे. तुकडे पाडून हलवण्याची गरज होती तिथेच आहे.

मर्यादा सांगायची तर खरी सांगावी. हाइटमॅप एका जागेला एकच उंची देऊ शकतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे. वरून सोडलेला दगड कड्याला न टेकता खाली जातो, म्हणजे नकाशावरच्या एकाच जागी वर कातळ, मध्ये पोकळी आणि खाली पुन्हा जमीन. उभ्या दिशेनं उचललेल्या जाळीतून तो कधीच निघणार नाही, टेसलेशनचा आकडा कितीही वाढवा. तिथे वेगळी मेश हवी किंवा तिन्ही दिशांना सरकवणारं व्हेक्टर डिस्प्लेसमेंट हवं. सह्याद्रीच्या उभ्या कातळपट्ट्यांवरही टेक्स्चर ताणलं जातं, त्यासाठी तीन बाजूंनी टेक्स्चर लावावं लागतं. आणि मूळ माहितीच विरळ आहे. इस्रोच्या कार्टोसॅट-१ वरून बनलेला आणि भुवनवर मिळणारा उंचीचा नकाशा ३० मीटरच्या अंतरानं बिंदू देतो, त्यात दख्खनच्या लाव्हाच्या थरांनी घडलेल्या कितीतरी पायऱ्या दोन बिंदूंच्या मध्येच हरवतात. म्हणून डोंगराचा ढोबळ आकार उपग्रहाच्या नकाशावरून घ्यायचा आणि कातळाचा खडबडीतपणा जवळून दिसणाऱ्या भागापुरता दुसऱ्या, बारीक डिस्प्लेसमेंटनं भरायचा, अशी दोन थरांची रचना लागते. हे निर्णय जागा ओळखणाऱ्या माणसानंच घ्यायचे असतात. कुठल्या कड्याला वेगळी मेश हवी हे नियमावलीतली ओळ सांगू शकत नाही.

आणि हे निर्णय आपण का घेत नाही, याचं उत्तर या शहराच्या कामाच्या रचनेत आहे. १९९७ मध्ये इथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह सुरू झाली, २०१९ मध्ये ती रॉकस्टारनं घेतली. मधल्या दोन दशकांत बंगळुरूनं परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, पात्रं उत्तम बनवली. पण आउटसोर्सिंगच्या कामात ठरलेल्या संख्येचे त्रिकोण आणि बेक केलेला नॉर्मल मॅप पाठवला की आपलं काम संपतं. शेडर, इंजिन आणि शेवटची फ्रेम समुद्रापलीकडे राहते. गिऱ्हाइकाच्या त्या अटी हळूहळू आपल्या श्रद्धा झाल्या. आता आपण स्वतःचे गेम करू लागलो आहोत, पुण्यातून २०२० मध्ये ‘राजी’ आला, तरी जुन्या कामाच्या अटी नव्या कामाला लावतो आहोत.

हे मला जास्त लागतं कारण याच शहरात जीपीयूवर काम करणारे अभियंते हजारोंनी आहेत. एनव्हिडिया, इंटेल, आर्म, क्वालकॉम सगळ्यांची केंद्रं इथे आहेत, एएमडीनं २०२३ मध्ये आपलं सर्वांत मोठं डिझाइन केंद्र इथेच उघडलं. आणि चित्रपटाच्या बाजूनं पाहिलं तर डिस्प्लेसमेंट ही तिथली रोजची भाकरी आहे. रॉबर्ट कुक यांनी १९८४ मध्ये लुकासफिल्ममध्ये ते मांडलं, तेव्हापासून चित्रपटात कड सपाट ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. ‘द जंगल बुक’ ला २०१७ च्या सोहळ्यात व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, त्यात एमपीसी स्टुडिओच्या बंगळुरू शाखेतल्या कलाकारांचा हात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये एमपीसीची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली आणि त्या कलाकारांतले अनेक जण कामाच्या शोधात गेमकडे वळले. त्यांना डिस्प्लेसमेंट मॅप कसा रंगवायचा, किती उंचीला कातळ खरा वाटतो, हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ‘ते इथे चालत नाही’ एवढं सांगून आपण त्यांचं कौशल्य दाराबाहेर ठेवतो.

म्हणून माझी मागणी नियमावलीतली ती एक ओळ बदलण्याची आहे. तिच्या जागी असं लिहावं: फोनवर व्हर्टेक्स डिस्प्लेसमेंट चालेल, हाइटमॅप १६ बिटांचा, जाळी अंतराप्रमाणे विरळ होणारी, सावलीचा पास, सीमापेटी आणि टक्कर यांची नोंद शेडर लिहिणाऱ्यानं स्वतः करायची. पीसी आणि कन्सोलवर टेसलेशन चालेल, पडद्यावर त्रिकोणाची कड आठ पिक्सेलपेक्षा लहान होणार नाही या अटीवर, आणि वायरफ्रेम, म्हणजे त्रिकोणांच्या नुसत्या रेषा, पाहिल्याशिवाय कुणी मंजुरी द्यायची नाही. प्रत्येक दृश्य डिस्प्लेसमेंटसह आणि डिस्प्लेसमेंटशिवाय, दोन्ही प्रकारे मोजायचं. आणि हे मोजमाप ऑफिसातल्या पीसीवर नव्हे, तर ज्या फोनवर गेम जाणार आहे त्या फोनवर घ्यायचं, वीस मिनिटं गेम चालवून तो पुरता तापल्यानंतर.